मोजणारी माणसे



"मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न तुम्हांला आतापर्यंत किती जणांनी विचारला असेल! घरी आलेले पाहुणे विचारतात, शिक्षक विचारतात, प्रवासात शेजारी बसलेली अनोळखी माणसेही विचारतात. उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. कोणी डॉक्टर होणार असतो, कोणी इंजिनिअर, कोणी शिक्षिका, तर कोणी पोलीस अधिकारी. ही सारी कामे चांगलीच आहेत. पण आज मी तुम्हांला एका वेगळ्या कामाची ओळख करून देणार आहे. मी स्वतः ते काम गेली कित्येक वर्षे करीत आले आहे.

मी पक्षी मोजते.

हसू नका बरे! पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा माझे काकाही खूप हसले होते. "पक्षी मोजून काय होणार? पैसे मोजायची नोकरी मिळाली असती तर गोष्ट वेगळी!" असे ते म्हणाले होते. त्यांना त्या वेळी मी काहीच बोलले नाही. आज मात्र त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर आहे. ते तुम्हांलाही सांगावे असे वाटते.

माझे वडील एस. टी. मध्ये कंडक्टर होते. मी अकरावीला विज्ञान शाखा घेतली, तेव्हा घरात सर्वांनी ठरवून टाकले, की मुलगी डॉक्टर होणार. मला मात्र प्राणिशास्त्र आवडायचे. बेडकाच्या पायाला किती बोटे असतात, मुंग्या एका ओळीत का चालतात, असल्या गोष्टींत माझे मन रमे. मी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आणि पुढे एम. एस्सी. ला प्रवेश घेतला. आईला काळजी वाटली. "मुलगी रानावनात एकटी हिंडणार का?" असे तिने विचारले. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी आयुष्यभर गाडीतले प्रवासी मोजले. हिला पाखरे मोजू दे."

पदवीनंतरच्या शिक्षणाला पदव्युत्तर शिक्षण म्हणतात. एम. एस्सी. हे असे शिक्षण आहे. ते दोन वर्षांचे असते. शाळेतले शिक्षण आणि हे शिक्षण यांत एक मोठा फरक आहे. शाळेत आपण दुसऱ्यांनी शोधलेली उत्तरे शिकतो. येथे आपल्याला स्वतःचा प्रश्न शोधावा लागतो आणि त्याचे उत्तरही स्वतःच मिळवावे लागते. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "पुस्तकात ज्याचे उत्तर आहे असा प्रश्न माझ्याकडे आणू नका. ज्याचे उत्तर मलाही ठाऊक नाही, असा प्रश्न आणा."

असा प्रश्न मला एका चिंचेच्या झाडाखाली सापडला. आमच्या तालुक्यातील एका गावात भर बाजारात एक जुनी चिंच होती. दर पावसाळ्यात तिच्यावर गायबगळे घरटी बांधत. गायबगळा तुम्ही नक्की पाहिला असेल. चरणाऱ्या गाईम्हशींच्या मागे मागे चालणारा तो पांढरा बगळा. विणीच्या हंगामात, म्हणजे अंडी घालण्याच्या दिवसांत, त्याच्या डोक्यावर आणि छातीवर सुंदर केशरी रंग चढतो. हे बगळे पिल्लांना काय भरवतात आणि पिल्ले मोठी व्हायला किती दिवस लागतात, हे मी शोधायचे ठरवले.

समोरच्या पिठाच्या गिरणीच्या माडीवर बसून मी दर रविवारी घरटी मोजू लागले. पहिल्या रविवारी त्रेचाळीस घरटी भरली. हातात दुर्बीण, मांडीवर वही आणि डोक्यावर छत्री. खाली बाजारात माणसे माना वर करून माझ्याकडे पाहत. पोरे तर विचारत, "ताई, आज किती झाले?" बगळ्यांची पिल्ले घाबरली म्हणजे पोटातले अन्न बाहेर टाकतात. झाडाखाली पडलेले ते अन्न मी चिमट्याने उचलून बाटलीत भरत असे. प्रयोगशाळेत नेऊन ते वेगवेगळे करून पाहत असे. हे काम नाक दाबूनच करावे लागे! त्यात नाकतोडे निघत, टोळ निघत, कधी एखादा बेडूकही निघे.

पण बाजारातल्या लोकांना बगळ्यांचा त्रास होता, ही गोष्ट खरी होती. खाली भाजी विकणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत विष्ठा पडे. दुर्गंधी सुटे. ऑगस्ट महिन्यात ग्रामपंचायतीने चिंचेच्या फांद्या तोडायचे ठरवले. फांद्यांवर त्या वेळी अगदी लहान पिल्ले होती. उडणे तर दूरच, त्यांना धड उभेही राहता येत नव्हते.

मी वही घेऊन सरपंचांकडे गेले. माझे पाय लटपटत होते. "पाखरांची दया करा," एवढेच म्हणायला मी गेले असते, तर त्यांनी मला चहा पाजून परत पाठवले असते. पण माझ्याजवळ आकडे होते. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. अंडी उबवायला सुमारे साडेतीन आठवडे लागतात. पिल्ले उडायला लागेपर्यंत आणखी महिनाभर जातो. म्हणजे सप्टेंबरअखेर झाड रिकामे होईल. आणि बाटल्यांत सापडलेले नाकतोडे आणि टोळ कोठून आले? गावाच्याच भातशेतीतून आणि माळावरून.

सरपंचांनी वहीची पाने बराच वेळ उलटून पाहिली. मग त्यांनी विचारले, "ताई, सप्टेंबरअखेर म्हणजे नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

भाजीवाल्या बायकांसाठी ग्रामपंचायतीने पलीकडे ताडपत्रीचा मांडव घालून दिला. फांद्या ऑक्टोबरात कापल्या, आणि त्याही मोजक्याच. पुढच्या जूनमध्ये बगळे पुन्हा त्याच चिंचेवर आले.

त्या दिवशी मला संवर्धन या शब्दाचा अर्थ कळला. संवर्धन म्हणजे निसर्गावर नुसते प्रेम करणे नव्हे. निसर्गातील एखादी गोष्ट टिकून राहावी म्हणून तिचा अभ्यास करणे, आणि त्या अभ्यासाच्या आधारे माणसांची समजूत घालणे, म्हणजे संवर्धन. त्यात पक्ष्यांइतकीच भाजीवाल्या बायकांचीही काळजी घ्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, एका गावातले एक झाड वाचले, त्यात एवढे काय? तर मग आता गिधाडांची हकीकत ऐका.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की बघता बघता आकाशातून गिधाडे उतरत. तासाभरात हाडे तेवढी उरत. गिधाड दिसायला कुरूप, पण ते निसर्गाचे सफाई कामगार आहे. आपल्या देशात पांढऱ्या पाठीची गिधाडे इतकी होती, की ती कधी कमी होतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. त्यामुळे ती कमी होऊ लागली तेव्हा पुष्कळांना कळलेच नाही.

पण एका माणसाला कळले. कारण त्याने ती मोजलेली होती! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची मोजणी केली होती. १९९६ च्या सुमारास ते पुन्हा मोजू लागले. घरटी ओस पडलेली होती. गिधाडे माना खाली घालून फांद्यांवर बसलेली असत आणि काही दिवसांनी मरून पडत. जुने आकडे हाताशी होते, म्हणूनच ही केवढी मोठी घट आहे हे जगाला सांगता आले. पुढे देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातील नव्याण्णवांहूनही अधिक नाहीशी झाली, असे दिसून आले.

गिधाडे का मरत होती? प्रथम सर्वांना वाटले, एखादा रोग असावा. खरे कारण सापडले ते पाकिस्तानातील पंजाब प्रांतात. तेथे लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेल्या गिधाडांची तपासणी करीत होते. गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. रोगाचे जंतू मात्र सापडेनात. शेवटी त्यांनी विचार केला, की ही गिधाडे खातात तरी काय? ती खात होती मेलेली गुरे. आणि त्या गुरांना मरण्यापूर्वी डायक्लोफिनॅक नावाचे वेदना कमी करणारे औषध दिलेले असे. गुराला आराम देणारे हे औषध गिधाडाला मात्र विष ठरत होते. ही गोष्ट २००४ मध्ये जगापुढे आली. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी घातली. गिधाडांना इजा न करणारे मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषधही शोधून काढण्यात आले.

पाहा, सरहद्दीच्या एका बाजूला मोजणारा माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला तपासणारा. गिधाडांना सरहद्द ठाऊक नसते. विज्ञानालाही ती अडवत नाही. बंदीनंतर गिधाडांच्या मृत्यूचा वेग मंदावला. पूर्वीसारखे थवे मात्र अजून परतलेले नाहीत. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास करणारे केंद्र आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातही, म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या जंगलात गावकरी आणि निसर्गप्रेमी मंडळी गिधाडांना जपत आहेत.

माझ्या काकांच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे. आपण मोजत नाही, ते हरवले तरी आपल्याला कळत नाही.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, "पक्ष्यांचा अभ्यास करायला एवढ्या पदव्या कशाला हव्यात? सालिम अलींकडे कुठे होती पदवी?" प्रश्न चांगला आहे. सालिम अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांना पक्ष्यांचा नाद लावला, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. म्हणूनच प्राणी सर्वेक्षणाच्या सरकारी खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. पण ते हातपाय गाळून बसले नाहीत. जर्मनीत बर्लिनला जाऊन त्यांनी एर्विन श्ट्रेझेमान या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिक्षण घेतले. १९३० मध्ये ते परत आले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम गावी ते राहायला गेले. तेथे त्यांनी महिनोन् महिने सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले.

सुगरण पक्ष्याला उर्दूत तुम्ही बया म्हणता. मराठी नाव बाईचे आहे खरे, पण घरटे विणतो तो नर! नर अर्धे घरटे विणून थांबतो. माद्या येऊन ते पाहून जातात. एखादीला ते पसंत पडले, म्हणजे तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणायला घेतो. शेकडो वर्षे लोक ही घरटी पाहत आले होते. पण हा सारा क्रम नीट पाहून लिहून ठेवला तो सालिम अलींनी. पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. मुंबई विद्यापीठाने तर त्यांना एम. एस्सी. आणि पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. ज्यांना पदवी नाही म्हणून नोकरी मिळाली नव्हती, तेच इतरांना पदवीसाठी शिकवू लागले!

जमाल आरा यांचे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. बिहारमध्ये १९२३ साली जन्मलेल्या या बाईंचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झाले होते. तरीही त्यांनी छोटा नागपूरच्या पठारावर फिरून पक्ष्यांच्या नोंदी केल्या, शास्त्रीय नियतकालिकांत लेख लिहिले. मुलांसाठी पक्षिनिरीक्षणावर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९७० मध्ये प्रसिद्ध केले.

या दोघांकडून काय घ्यायचे? 'पदवी नको' हा धडा घ्यायचा नाही. पदवी नसतानाही त्यांनी जी मेहनत घेतली, ती घ्यायची. त्यांना जी वाट काट्याकुट्यांतून शोधावी लागली, ती तुमच्यासाठी आज बरीच मोकळी झाली आहे.

ही वाट कशी आहे ते थोडक्यात सांगते. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी आणि जीवशास्त्र सोडू नये. गणितालाही भिऊ नये, कारण मोजणाऱ्याला गणित लागतेच. बारावीनंतर प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन बी. एस्सी. करता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवीही मिळते. त्यानंतर एम. एस्सी. चे दरवाजे उघडतात. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. तेथे वन्यजीवविज्ञानाची एम. एस्सी. करता येते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीव आणि संवर्धन या विषयाची एम. एस्सी. आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मासे आणि इतर जलचर यांची आवड असेल, तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. अशा संस्थांत जागा थोड्या असतात आणि प्रवेशासाठी चाचणी परीक्षा द्यावी लागते. पुढे पीएच. डी. करायची असेल, तर 'नेट' ही परीक्षा चांगल्या गुणांनी पास होणाऱ्यांना दरमहा शिष्यवृत्तीही मिळते.

शिकून झाल्यावर कामे कोणती? केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन भारतीय वन सेवेत अधिकारी होता येते. राज्याच्या वनखात्यात वनरक्षकापासून वरपर्यंत नोकऱ्या असतात. प्राणी आणि वनस्पती यांचे सर्वेक्षण करणारी सरकारी खाती आहेत. महाविद्यालयात शिकवता येते. निसर्गाचे काम करणाऱ्या खासगी संस्थांत संशोधक होता येते.

सारीच कामे पदवीवाल्यांची नसतात, हेही ध्यानात ठेवा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी समुद्री कासवांची अंडी जपण्याचे काम २००२ पासून सुरू झाले. ते गावच्या माणसांच्या बळावर चालते. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी कोकण किनाऱ्यावरील पाच कासवांच्या पाठीवर छोटी यंत्रे बसवली. उपग्रहाच्या मदतीने ती कासवे समुद्रात कोठे जातात, हे त्यांना समजले. शास्त्रज्ञांना गावकरी हवेत आणि गावकऱ्यांना शास्त्रज्ञ.

मी तुम्हांला या कामाची एकच बाजू सांगणार नाही. सुरुवातीची नोकरी पुष्कळदा एक-दोन वर्षांच्या मुदतीची असते. पगार बेताचा असतो. जळवा, चिखल, ऊन यांची सवय करावी लागते. दिवाळी असो की ईद, हंगाम चालू असेल तर रानातून हलता येत नाही. नातेवाईक विचारतात, "अजून शिकतेच आहेस?" घरी पैशांची ओढ असेल, तर हा निर्णय सोपा नसतो. म्हणून घरच्यांशी मोकळेपणाने बोला. बी. एस्सी. नंतर शिक्षकाची नोकरी करीत पुढे शिकलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना उशीर झाला, एवढेच.

आणि भाषेचे काय? वरच्या वर्गांतील विज्ञान इंग्रजीत असते. मीही मराठी शाळेत शिकले. पहिले सहा महिने शब्दकोश माझ्या उशाशी असे. पण इंग्रजी शिकता येते. तुमच्याजवळ तर आधीच उर्दू आहे आणि मराठीही आहे. रानात गेल्यावर तुम्हांला पुस्तकापेक्षा गुराखी, कोळी, लाकूडतोडे यांच्याकडून अधिक कळेल. त्यांच्याशी बोलायला त्यांची भाषा यावी लागते. ज्याला तीन भाषा येतात, तो तीन प्रकारच्या माणसांना प्रश्न विचारू शकतो.

या कामाला लागायला मात्र एम. एस्सी. होईपर्यंत थांबू नका. दुर्बीणही नको. शंभर पानांची एक वही घ्या. शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडा. त्यावर कोणते पक्षी येतात, किती येतात, केव्हा येतात, घरटे कोणत्या महिन्यात होते, हे रोज लिहा. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल, तर त्याचा रंग, चोच आणि आकार लिहा. नाव पुढे सापडेल. एकही पक्षी दिसला नाही, तर तेही लिहा. न दिसणे हीसुद्धा नोंदच असते. दहा वर्षांनी त्या झाडाविषयी तुमच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणालाही नसेल.

वही उर्दूत लिहिलीत तरी चालेल. तारीख तेवढी विसरू नका.